माणसं तीन

दिवेलागणीला हरिद्रा सोसायटीतली घरं बोलायला लागायची. आधी तळमजला, मग पहिला, मग दुसरा. आवाज सगळ्या घरांचा एकच, बाईचा, ना तरुण ना म्हातारा. "घर ठीक आहे. माणसं चार." "घर ठीक आहे. माणसं दोन. बाहेरगावी एक." जिन्यात उभं राहिलं की गल्लीतल्या देवळांमधून आरत्या मागेपुढे सुरू व्हाव्यात तसं वाटे.

सोसायटी सांगलीच्या हळदपेठेतल्या नोकरदारांनी बांधलेली, म्हणून नाव हरिद्रा. स्नेहलचे वडील, अप्पा आवटी, एका अडतीत दिवाणजी होते. निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी कपाटातल्या त्यांच्या जुन्या सदऱ्यांना अजून हळदीचा वास होता. राहायचे सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर. स्नेहलची आई माघात गेली, झोपेतच, कुणाला काही त्रास न देता. आता गणपती येऊन गेले होते आणि अप्पा त्या घरात एकटे होते.

स्नेहल पुण्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होती. अप्पांना ती दर फोनवर पुण्याला बोलवायची आणि अप्पा दर फोनवर, "बघू की," म्हणायचे. सांगलीत बघू की म्हणजे नाही. परवाच्या फोनवर त्यांनी हवापाण्याच्या गप्पांमध्ये हळूच सांगितलं होतं, की स्वयंपाकघरातल्या छताचा एक पोपडा ओट्यावर पडला. पोपडा केवढा, हे विचारल्यावर म्हणाले, "ताटाएवढा असेल."

तिनं तिथल्या तिथं महापालिकेच्या दुरुस्ती विभागाला फोन लावला होता. उत्तर लगेच आलं. 'धोका मध्यम. राहणारे दोन. आपला क्रम येईल.' दोन हा शब्द ऐकून तिला वाटलं होतं, कागदपत्रं. आईचं नाव कुणी काढलेलंच नसणार. म्हणून येताना तिनं मृत्यूच्या दाखल्याची प्रत पिशवीत घातली.

पोचली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. स्वयंपाकघराच्या तुळईखालून लाल तपकिरी सळया दिसत होत्या, आणि त्या तुळईवर, गच्चीत, बरोबर पाण्याची टाकी होती. तुळईच्या खाली आईचा लाकडी पाट होता आणि पाटापुढं लोखंडी खलबत्ता.

"हे इथून हलवायचं नाही का अप्पा? डोक्यावर पडलं असतं म्हणजे?"

"तिथंच असतं ते," अप्पा म्हणाले. "चहा टाकू?"

चहा होईपर्यंत घर बोललं.

"घर ठीक आहे. माणसं तीन."

स्नेहलनं वर पाहिलं. तुळईला चिकटवलेली बिल्ल्याएवढी चकती, जिला सगळं गाव कान म्हणे, शांत होती.

"अप्पा, ह्याला अजून आई गेल्याचं कळलेलं नाही."

"यंत्रच ते," अप्पा पाठमोरे म्हणाले. "चुकायचंच." आणि तिच्या कपात त्यांनी दोनदा साखर घातली.

*

घरांना कान बसायला लागून आता बरीच वर्षं झाली होती. काँक्रीट काही एकाएकी मोडत नाही. आतली सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, सळई फुगते आणि भोवतालच्या काँक्रीटला आतून चिरत जाते. प्रत्येक चिरेला आवाज असतो. पण तो इतका बारीक आणि इतक्या वरच्या पट्टीतला, की माणसाच्या कानावर तो पडूनही पडत नाही. चकतीला तो ऐकू येतो. अडचण एवढीच, की घरात तुळईशिवायही पुष्कळ जण आवाज करत असतात. दार आपटतं, कुकर शिट्ट्या देतो, कुणी पलंग ओढतं. म्हणून चकती आधी घराच्या सवयी शिकते, रोजचं ते सगळं वजा करते आणि उरलेलं ऐकते. हे शिकता शिकताच तिला माणसंही ओळखू यायला लागली. टाच आपटून कोण चालतं, पाय ओढत कोण, गावाला गेलेलं कोण आणि परत आलेलं कोण. म्हाताऱ्या लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना, तेव्हा ती रोज संध्याकाळी बोलून दाखवेल अशी सोय केली गेली.

हे सगळं दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात रुबिना तांबोळी नावाच्या इंजिनियर बाईंनी स्नेहलला समजावून सांगितलं. बाई तिच्याहून वयानं लहान, बोलायला मोकळ्या. टेबलावर डबा उघडा होता आणि त्या मधूनमधून एकेक घास घेत होत्या.

"दाखला पिशवीतच राहू दे ताई. तुमच्या आईचं नाव आमच्याकडनं कधीच निघालंय."

"मग दोन कसे म्हणता?"

"आम्ही नाही, कान म्हणतोय. मागं लोकांनी काय केलं, लवकर नंबर लागावा म्हणून वारलेले आजोबा कागदावर जिवंत ठेवले. एका घरात तर तीन आजोबा निघाले. तेव्हापासून आम्ही कागद बघणंच सोडलं. घरात पावलं किती जणांची, तेवढंच बघायचं. एकटं म्हातारं माणूस असलं तर पथक दुसऱ्या दिवशी दारात. दोघं असली की यंत्र म्हणतं, एकाला एक हात देईल, थांबा जरा."

"घरात अप्पा एकटे आहेत."

तांबोळीबाईंनी घास खाली ठेवला. आवाज जरा उतरवून त्या म्हणाल्या, "कुणी ठेवलंय का कामाला? किंवा... म्हणजे, तुम्ही पुण्यात असता, म्हणून विचारते."

स्नेहलचे कान गरम झाले. अप्पा आणि कुणी? तिला हसू यायला हवं होतं, आलं नाही. काल पाठमोरे उभे असलेले अप्पा आठवले, आणि दोनदा घातलेली साखर.

"मला दिसेल का ते? दुसरं माणूस?"

"आवाज आम्ही साठवत नाही. नुसत्या रेघा असतात." बाईंनी पडदा तिच्याकडं वळवला. "ही निळी रेघ तुमच्या वडिलांची. सरळ, संथ. ही हिरवी दुसऱ्या माणसाची. बाई असावी. उजवा पाय ओढते. बघा, डावं पाऊल नीट, उजवं घासत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबते जरा, मग पाय उचलून आत टाकते. आत गेली की बसून काहीतरी कुटते, रोज दुपारी."

स्नेहल त्या हिरव्या रेघेकडं बघत राहिली. आईचा उजवा गुडघा पडून दुखावला होता तेव्हा ती स्वतः कॉलेजात शिकत होती. त्यानंतर कितीतरी वर्षं, दुपारची झोप झाली की, आतल्या खोलीतून ते घासत येणारं पाऊल ऐकू यायचं. उंबऱ्याशी थांबायचं. तिथं आई दाराची चौकट धरायची आणि हलकेच "चला" म्हणायची, कुणाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ही रेघ जुनी आहे का?"

"जुनीच. मध्ये बंद होती. फाल्गुनात परत सुरू झाली." बाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. "एक विचित्र आहे. ही दोघं कधी बरोबर चालत नाहीत. निळी थांबली की हिरवी सुरू, हिरवी थांबली की निळी."

स्नेहलला सगळं कळलं होतं आणि ते कळणं गिळायला वेळ लागत होता.

"आणि ते कुटणं बघा," तांबोळीबाई म्हणाल्या, आता फक्त इंजिनियर होऊन. "ते त्या तुळईखालीच चाललंय. जमीन हादरते, तुळई हादरते, त्याच वेळी ती चिरत असणार. पण यंत्र म्हणतं, हा ह्या घराचा रोजचाच गोंधळ, आणि सगळंच वजा करतं. मध्यम धोका म्हणतोय तो, मला त्याचा भरवसा वाटत नाही. ते थांबवा. दोन-तीन दिवस घर शांत राहिलं की कानाला खरं ऐकू येईल. आणि एकटं माणूस दिसलं की क्रम आपोआप वर येईल."

"तुम्ही स्वतः लिहून नाही का देऊ शकत?"

"देते ना. पण माझ्या लिहिण्यानं दोन महिने, कानाच्या बोलण्यानं दोन दिवस. तशीच व्यवस्था केलीय आम्ही, आणि माणसांपेक्षा बरी चाललीय. ही पहिलीच वेळ बघा, की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

*

जिन्यात समोरच्या मगदूमकाकू भेटल्या, हातात कढीपत्ता.

"काय गं, कालच आलीस म्हणं. तोंड दाखवायचं नाही व्हय?"

"काकू, अप्पांकडं कोण येतं का?"

"कोण येतंय? कुरियरवाला, आणि मी भाजी द्यायला. तीसुद्धा दारातनंच घेतात." काकूंनी तिच्याकडं नीट पाहिलं. "का गं? पण एक सांगू, तुझी आई असल्यासारखंच वाटतंय कधीकधी. दुपारी खलबत्ता वाजतोय की."

दार लोटलेलंच होतं. स्नेहलनं चपला बाहेर काढल्या आणि आवाज न करता आत आली.

आतल्या खोलीतून पाऊल आलं. डावं नीट, उजवं घासत. सगळं माहीत असूनही तिनं आईचीच वाट पाहिली. मग दारात अप्पा दिसले. पायात आईच्या रबरी सपाता होत्या, निळ्या पट्ट्यांच्या. उजवीचा तळ एका बाजूनं पार झिजलेला. आई गेल्यापासून अप्पा इतके उतरले होते, की त्यांच्या पावलात आता आईएवढंच वजन उरलं होतं. उंबऱ्याशी ते थांबले. चौकट धरली. ओठ हलले.

मग ते आत गेले, पाटावर बसले, आणि भाजलेले शेंगदाणे मुठीनं खलात टाकून कुटायला लागले. वरून, त्या उघड्या सळयांमधून, भुरभुर काहीतरी त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडत होतं.

"अप्पा."

बत्ता थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणून इतकं कूट होतं होय," स्नेहल म्हणाली. अधूनमधून अप्पा कुरियरनं तिला कुटाचा डबा पाठवायचे. कोशिंबिरीत, आमटीत, सगळ्यात घालूनही संपायचं नाही. शेजाऱ्यांना वाटून झालं, कॉलेजात वाटून झालं. एकदा ती फोनवर म्हणालीसुद्धा होती, मला काय रोज एकादशी आहे का? तेव्हा ते हसले होते.

"उठा आधी तिथनं. बाहेर या."

ते उठले. बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले, सपाता पायातच. तिनं त्यांच्या केसांमधली सिमेंटची भुकटी हातानं झटकली. लहानपणी तेच हळद झटकत घरी यायचे, ते तिला आठवलं.

"तुम्ही सगळी गेलात तेराव्यानंतर," अप्पा म्हणाले. "संध्याकाळी दिवा लावला. आणि ते म्हणालं, माणसं एक. आई गेली तेव्हा मला तेवढं... काय सांगू. दहन केलं, सगळं केलं. पण कुणी असं मोजून नव्हतं दाखवलं."

स्नेहल त्यांच्यापाशी जमिनीवर बसली.

"मग माझी सपात तुटली. तिची घातली. सारखी सरकते ती, पाय ओढूनच चालावं लागतं. साबुदाणा भिजवला होता, कूट नव्हतं, म्हणून बसलो कुटायला. काही मनात नव्हतं. आणि त्या संध्याकाळी म्हणालं, माणसं दोन." त्यांनी पायातल्या सपातांकडं पाहिलं. "मला वाटलं, त्याला काही कळलं. घराला म्हणतो मी."

"आणि मग रोज?"

"संध्याकाळी एकदा ऐकायचं. एवढंच. मी कुणाला काही मागितलं का?"

खरं सांगायचं तर काल 'तीन' ऐकताना तिलाही क्षणभर बरं वाटलं होतं, कागदाची चूक म्हणून तिनं ते झटकून टाकलं होतं इतकंच. लहानपणी घरात तिघंच असायची.

दिवेलागणी झाली. कुणीच दिवा लावायला उठलं नाही, तरी घर बोललं.

"घर ठीक आहे. माणसं तीन."

अप्पांनी डोळे मिटले. स्नेहलनंही मिटले. ते दोन शब्द संपल्यावरही खोलीत राहिले, उदबत्तीच्या वासासारखे. मग तिनं दिवा लावला आणि तांबोळीबाईंनी सांगितलेलं सगळं, काही न वगळता, अप्पांना सांगितलं.

अप्पांनी ऐकून घेतलं. "म्हणजे मी ठोकतोय, म्हणून त्याला छत ऐकू येत नाही."

"हो."

"आणि तुझ्या आईला धरून ठेवलंय, म्हणून मला एकटा समजत नाहीत."

"हो, अप्पा."

"मग चल पुण्याला म्हणशील."

"म्हणेन. येणार आहात?"

"बघू की."

पहिल्यांदाच त्या दिवशी ती हसली. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा अप्पा दुसरीकडं बघत राहिले.

*

स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली. खलबत्ता मगदूमकाकूंनी उचलून नेला. सपाता अप्पांनी स्वतः काढून स्नेहलच्या हातात दिल्या, धुवून, पुसून, जोड जुळवून.

पण आणखी एक गोष्ट होती आणि ती सांगायला तिला जड गेलं. ती घरात असेपर्यंत माणसं दोनच भरणार होती. त्या घराला अप्पांना एकटं म्हणायला लावायचं, तर तिनंही बाहेर पडायला हवं होतं.

"जा की समोर," अप्पा म्हणाले. "काकूच्या हातचं जेवशील तरी. माझा भात खाऊन वाळलीस."

ती समोर राहायला गेली. मध्ये चार फुटांची मोकळी जागा. दोन्ही दारं उघडी ठेवली होती. काकूंच्या उंबऱ्याच्या आत मोडा टाकून ती बसायची आणि अप्पा आपल्या उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून. डबा काकू दारातूनच द्यायच्या. काकूंचे यजमान म्हणाले, "हे बरंय, दोघांच्या मध्ये नदी आणि पूल बंद." कुणी हसलं नाही.

दुपारची वेळ सगळ्यात वाईट. कुटायची वेळ व्हायची आणि दोन्ही घरांत काहीच वाजायचं नाही. एका दुपारी अप्पांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेक्यानं आपटायला लागला. त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी तो उजव्या हातानं धरून ठेवला. स्नेहलला पळत जाऊन तो हात हातात घ्यायचा होता. उंबरा ओलांडला असता तर सगळे दिवस वाया गेले असते. ती काकूंची लसूण सोलत बसली.

पहिल्या संध्याकाळी घर म्हणालं, "माणसं दोन. बाहेरगावी एक." बाहेरगावी म्हणजे स्नेहल. दुसऱ्या संध्याकाळी, "माणसं दोन," पण जरा उशिरा, जणू विचार करून. अप्पांचा चेहरा उजळला, आणि तसा तो उजळला म्हणून ते ओशाळले.

तिसऱ्या दिवशी काकूंनी दिवा लावला. खालचे मजले एकेक करून बोलले. काकूंचं घर म्हणालं, "घर ठीक आहे. माणसं तीन," काकू, काका आणि स्नेहल. मग समोरचं घर बराच वेळ गप्प राहिलं.

"घर ठीक नाही," ते शेवटी म्हणालं. "स्वयंपाकघराची तुळई. माणसं एक. बाहेरगावी एक. तातडीची मदत मागवली आहे. कृपया बाहेर या."

अप्पा उठले नाहीत.

"ऐकलंस?"

"ऐकलं, अप्पा."

"एक म्हणालं."

"हो." स्नेहल काकूंच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. "या आता. बाहेर यायला सांगितलंय ना त्यानं. चला."

तो शब्द तिच्या तोंडून कसा आला कुणास ठाऊक. अप्पांनी तो ऐकला. चौकट धरली, उंबऱ्याशी क्षणभर थांबले, आणि पाय उचलून बाहेर टाकला.

*

पथक दुसऱ्या दिवशी सकाळीच आलं. तुळईला टेकू लागले. गच्चीतली टाकी रिकामी झाली. गंजलेल्या सळयांच्या बाजूनं नव्या पट्ट्या बसल्या आणि भेगांमध्ये पिचकारीनं राळ भरली गेली. तुळईचा जो तुकडा काढला, तो हातात घेताच बिस्किटासारखा मोडला. पाटाच्या बरोबर वरचा होता तो. अप्पांनी तो पाहिला आणि खाली ठेवला.

शेवटच्या दिवशी तांबोळीबाई नवा कान बसवायला आल्या. हातातली पडद्याची पाटी त्यांनी अप्पांपुढं धरली.

"काका, जुन्या कानाच्या सवयी नव्याला द्यायच्या असतात. निळी रेघ तुमची. ही पिवळी ताईंची. आणि ही हिरवी." त्या अडखळल्या. "ही पुसू का?"

अप्पांनी स्नेहलकडं पाहिलं. तिचं काही सांगणं योग्यही नव्हतं आणि तिला सांगताही आलं नसतं.

"मोजू नका तिला," अप्पा म्हणाले. "खोटं नको आता. पण पुसू नका."

"न मोजता कसं ठेवू?"

"ही आमची पोरगी इथं नसते तेव्हा तिला कुठं ठेवता?"

तांबोळीबाईंनी पाटीवर काहीतरी सरकवलं. मग म्हणाल्या, "झालं, काका."

स्नेहल पुण्याला परतली. पिशवीत कुटाचा डबा होता, शेवटचा. तो तिनं फडताळात मागं ठेवून दिला. चार-आठ दिवसांनी संध्याकाळी अप्पांचा फोन आला. काकूंनी खलबत्ता परत आणून दिला, तो फळीवर ठेवलाय. टाकी आता दुसऱ्या बाजूला बसवणार आहेत. दिवाळीला ये. ती हो म्हणत होती आणि बोलता बोलता तिनं डबा काढून उघडला होता. शेंगदाण्याचा भाजका वास अजून तसाच होता.

"थांब," अप्पा मध्येच म्हणाले. "दिवा लावतो. बोलेल आता."

काडी ओढल्याचा आवाज आला. मग फोनमधून, जरा लांबून, ना तरुण ना म्हातारा असा तो बाईचा आवाज आला.

"घर ठीक आहे. माणसं एक. बाहेरगावी दोन."